बहीण-जहाजाचे दार

अभिमन बहिणीला माहेरी आणायला निघाला तेव्हा मोटरसायकलच्या हँडलला आंब्यांची पिशवी लटकत होती आणि घाई करण्याचे काहीच कारण नव्हते. मी इथूनच सुरुवात करतो, कारण मला सांगताना त्यानेही इथूनच केली होती. बसा सगळे. रोनक, तो मोबाइल पालथा ठेव. उजेड डोळ्यांवर येतो.

उद्या तुम्ही शिंदखेडा तालुक्यात आखाजीची गाणी गोळा करायला जाणार आहात. त्याआधी हे ऐकून ठेवलेले बरे. आपल्या अभ्यासात ‘ओळखीच्याच्या ओळखीच्याने पाहिले’ अशा जातीच्या कथा आपण वेगळ्या काढतो, आणि ते योग्यच आहे. त्यांतला साक्षीदार कधी हाती लागत नाही. इथे साक्षीदार हाती आहे. अभिमन माझा विद्यार्थी. आता इथेच देवपुरात एका शाळेत शिकवतो. त्याचा डावा हात कोपरातून पुरता सरळ होत नाही, हे तुमच्यापैकी ज्यांनी त्याला पाहिले आहे त्यांच्या लक्षात आले असेल.

तारीख ३० एप्रिल २०२५, बुधवार. अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी.

आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. अभिमनची बहीण मेघा मात्र त्या वर्षी सणाआधी निघू शकली नाही. तिची सासू मंजुळाबाई पौषात वारली होती. घरात दुसरी बाई नव्हती आणि पितरांची घागर भरायला कोणीतरी हवेच होते. म्हणून असे ठरले की मेघाने सासरची घागर भरावी, अभिमनने मुराळी, म्हणजे न्यायला येणारा भाऊ, म्हणून संध्याकाळी तिथे पोहोचावे, रात्री मुक्काम करावा आणि पहाटे बहिणीला घेऊन परतावे. तो पांझरेचा पूल ओलांडून आग्रा रोडला लागला, सोनगीर मागे टाकले आणि नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे उजवीकडे फुटणाऱ्या शेतरस्त्यावर वळला. घर त्या रस्त्यावर, गावापासून जरा तुटून. नवेच बांधलेले, स्लॅबचे, आतबाहेर गुळगुळीत फरशी. राहणारी माणसे तीन: मेघा, तिचा नवरा भूषण आणि भूषणचे वडील मोतीलालनाना.

नानांविषयी थोडे सांगावे लागेल. पंच्याहत्तरीचे, ताठ, कमी बोलणारे. ऐन तारुण्यात नौदलात गेले, पंधरा वर्षे काढून परत आले आणि पुढे शेती केली. दुसरे महायुद्ध संपल्यावर इंग्रजांनी पाणबुड्यांचा माग काढून त्या बुडवण्यासाठी हलक्या फ्रिगेटींचा एक वर्ग बांधला होता. वर्ग म्हणजे एकाच नकाशावर उभ्या केलेल्या जहाजांचा गट. दारे, जिने, खण, सगळे तेच आणि त्याच जागी. खलाशी अशा जहाजांना एकमेकींच्या बहिणी म्हणतात. अरुंद, पातळ पत्र्याची, पाण्यातल्या एकाच पंख्यावर चालणारी ही जहाजे एकाच कामासाठी घडवलेली होती: ताफ्याच्या सोबतीने जायचे, पाण्याखाली कान लावून ठेवायचा आणि काही ऐकू आले की त्यावर बाँब फेकायचे. त्यांतली मोजकी आपल्याकडे आली. नाना त्यांतल्या एकावर होते. जहाजाचे नाव ते घेत नसत. मीही घेत नाही.

आता दाराकडे येतो. आपल्याकडे भाव मिळेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात. आदल्या वर्षी गावात एका घरी अशा कापसाला आग लागली आणि घर गेले. भूषणने ते पाहिले होते. नव्या घरात, हॉलच्या मागे, त्याने कापसासाठी वेगळी खोली बांधली. उंचावर एक जाळीचा झरोका आणि एकच दार. दार लोखंडी हवे होते. ते त्याला नरडाण्याच्या बाजूच्या एका भंगारवाल्याकडे मिळाले. कोणे एके काळी मुंबईला फोडलेल्या जहाजाचे ते दार एका जिनिंगवाल्याने सरकीच्या कोठाराला लावले होते. ते जिनिंग पाडले तेव्हा ते भंगारात आले. जाड पोलाद, कोपरे गोलसर, भोवती ते आवळून बसवणारे आठ दांडे. दांडे आतूनही फिरतात आणि बाहेरूनही. चौकट अखंड, म्हणजे खालचा उंबराही लोखंडी आणि पोटरीइतका उंच, कारण जहाजावर उंबऱ्याचे काम पाणी अडवण्याचे असते.

भूषणने ते टेम्पोतून उतरवले तेव्हा नानांनी त्यावरून हात फिरवला. आतल्या अंगाला ठोकलेली अक्षरे बोटांनी चाचपली.

“मना जहाजनं नही शे,” ते म्हणाले. “बहीणनं शे.”

“मग लावू ना?” भूषणने विचारले.

“लाव. पन बठ्ठा दांडा कधी लावू नको. एक पुरे.”



आखाजीला उंबऱ्याची पूजा असते. कुंकू कालवून उंबऱ्यावर एकेक बोट ओढायचे, आणि प्रत्येक बोटाला एकेका पितराचे नाव घ्यायचे. नाव घेतले की पितर येतो, घागरीतले पाणी पितो, तृप्त होऊन परत जातो. मेघा त्या सकाळी कुंकवाची वाटी घेऊन पुढच्या दारापाशी गेली आणि थबकली. दाराला उंबराच नव्हता. ओसरीवरची फरशी सरळ हॉलमध्ये गेलेली. स्वयंपाकघराला नाही, देवघराला नाही. हल्ली घरे अशीच बांधतात. कोकिळा, तुझ्या घरी आहे का उंबरा? नाही ना. त्या घरात उंबरा एकच होता, कापसाच्या खोलीचा. मेघाने त्यावर बोटे ओढली. आजेसासरे, आजेसासू, चुलतसासरे, आणि शेवटी मंजुळाबाई.

नाना मागे उभे होते. म्हणाले, “पोरी, आखो तीन बोटं वढ.” आणि नावे सांगितली. तांडेल. कुंजप्पन. बलदेव.

मेघाने ओढली.

संध्याकाळी अभिमन पोहोचला. जेवायला आमरस, सांजोऱ्या, कुरडया. हॉलमध्येच पंगत बसली.

“दाजी,” अभिमन म्हणाला, “बहिणीला पाठवताय ना नक्की? की कापूस राखायला ठेवताय?”

“घेऊन जा रे बाबा. पण आठवड्यात आणून सोड. नानांना माझ्या हातची भाकर दगडासारखी लागते.”

“दगड बरा,” नाना म्हणाले. “त्यामा मीठ तरी जास्ती नही रहास.”

मेघा हसली. अभिमनचे लक्ष तेवढ्यात मागच्या लोखंडी उंबऱ्याकडे गेले. “एवढी बोटं? दाजी, तुमच्याकडे पितरांची फार गर्दी.”

“शेवटची तीन नानांची आहेत,” मेघा म्हणाली.

“नाना तर समोर बसून कुरडई खाताहेत.”

भूषण हसला. नाना हसले नाहीत. त्यांनी हातातली कुरडई ताटात ठेवली आणि, अभिमनच्या सांगण्यानुसार, एरवी महिन्याभरात बोलत नसतील एवढे त्या एका दमात बोलले.

“आमनं जहाज धाकलं व्हतं. मी आयकनारा. पान्यामा आवाज सोडाना, आनि परत येस का ते आयकानं, इतलंच मनं काम. एक रातले अंधारामा दुसरं जहाज येईसन ठोकायनं. कूस फाटी. खालना खनमा तीन जन व्हतात. पानी उनं. हुकूम उना, दार लाव. मी लावं. बठ्ठा दांडा ठोकात.”

“आणि ते तिघं?” अभिमनने विचारले.

“मझारच.” म्हणजे आतच.

मग भूषण हळूच म्हणाला, “दार लावलं नसतं तर जहाजच गेलं असतं. शंभराच्या वर माणसं होती. नानांची चूक नव्हती.”

“चूक कोन म्हने?” नाना म्हणाले. “हुकूम व्हता. दार लाव, आनि दारपाशी उभा राह्य. मी उभा राहिनू. त्या ठोकत व्हतात. मी आयकत व्हतू.” ते उठले. हात धुवायला जाताना म्हणाले, “आयकानंच काम व्हतं मनं.”

नंतर भांडी आवरताना मेघाने भावाला सांगितले की ही तीन बोटे ओढावीत अशी नानांची इच्छा जुनीच होती. मंजुळाबाईने हयातभर ती होऊ दिली नाही. ती म्हणायची, आपल्या पितरांना आपल्या दारची वाट ठाऊक असते. परक्यांना बोलावले तर ते कुठून येतील याचा नेम नाही.

मंजुळाबाई शिकलेली नव्हती, पण विधीचा नकाशा तिच्या डोक्यात चोख होता. नीट विचार करा. उंबऱ्याला दोन बाजू असतात. पितर बाहेरचे, ते बाहेरून उंबऱ्यापर्यंत येतात आणि तिथूनच फिरतात. साऱ्या विधीची भिस्त यावर आहे की मेलेला बाहेर आहे आणि जिवंत आत. त्या तिघांच्या बाबतीत हे उलटे होते. त्यांच्या मरणात दार होते, उंबरा होता, आणि ते दाराच्या आत होते. त्यांना त्या उंबऱ्यावर नावाने हाक मारली, तर ते कोणत्या बाजूला येऊन उभे राहतील?

… हो. कापसाच्या बाजूला.

रात्री साडेअकराच्या सुमारास वीज गेली. तृतीयेची कोर केव्हाच मावळली होती. हॉलमध्ये इन्व्हर्टरवर एक बारका दिवा राहिला. अभिमन तिथेच खाली अंथरूण टाकून झोपला होता. नानांची खाट मागच्या भिंतीशी, त्या दाराजवळ. मेघा आणि भूषण वरच्या मजल्यावर. उकाड्याने अभिमनला जाग आली, असे त्याला वाटले. मग कळले की जाग उकाड्याने आलेली नाही.

टक्.

लोखंडावर लोखंड.

नाना खाटेवर उठून बसलेले. डोळे मिटलेले. मान किंचित एका बाजूला.

“नाना, उंदीर असेल,” अभिमन म्हणाला.

“उंदीर थांबस नही.”

टक्. … मग काहीच नाही. बराच वेळ. … टक्.

“हाई थांबस,” नाना म्हणाले. “जवाबनी वाट देखस.”

जिन्यावरून भूषण उतरला, लुंगी सावरत, वैतागलेला. “मांजर कोंडलं असणार. दुपारी कापूस काढला तेव्हा दार उघडं होतं.” दुपारी त्याने एका मजुराच्या गादीसाठी दारापाशी खालूनच कापूस उपसला होता. ढीग छतापर्यंत, आणि खाली कपार पडलेली. हे त्याच्या लक्षात राहिले नाही. नाना म्हणाले, “उघाडू नको.” त्याने मोबाइलचा उजेड लावला, एकच लावलेला दांडा वर केला, दार ओढले आणि उंबरा ओलांडून आत गेला.

“पुस्स… पुस्स…” तो मांजराला बोलावत होता. कापसावर पाय टाकून दोन पावले वर चढला.

आणि ढीग सुटला.

रोनक, काय? कापसात कोणी बुडते का? बुडते. ट्रॉलीत कापूस तुडवताना माणसे गाडली गेली आहेत. मूठभर कापूस हवेसारखा वाटतो. खोलीभर कापूस अंगावर आला की तो नाकातोंडात जातो, छातीवर बसतो, आणि हात मारावा तर धरायला काही मिळत नाही. अभिमनने पाहिले ते इतकेच: पांढरी भिंत वरून वाकली, फुटली आणि दाराच्या दिशेने धावत आली. उजेड विझला. भूषणचा आवाज अर्धाच निघाला.

“पानी!”

हे नाना ओरडले.

पंच्याहत्तर वर्षांचा माणूस खाटेवरून असा उठला की अभिमनला तो उठलेला दिसलाच नाही. दाराला खांदा लावलेलाच दिसला. दार बंद झाले. पहिला दांडा. दुसरा. कोपऱ्यात एक लोखंडी नळी उभी असे, अडकलेला दांडा फिरवण्यासाठी. ती त्यांनी उचलली आणि एकेक दांडा ठोकत गेले. वर, खाली, वर, खाली. आठही.

“नाना! दाजी आत आहेत!”

नानांनी वळून पाहिले. ओळख नव्हती त्या नजरेत. “हुकूम शे,” ते म्हणाले.

अभिमन दांड्याला हात घालायला गेला. नळी खाली आली. हाड मोडल्याचा आवाज त्याने आधी ऐकला, दुखले नंतर. डावा हात कोपराखाली भलतीकडेच वाकला होता. तो तरीही उजव्या हाताने नानांच्या अंगावर गेला. नानांनी त्याला छातीवर गुडघा देऊन फरशीवर पाडले, नळी आडवी करून त्याच्या गळ्यावर टेकवली आणि वजन टाकले. घाई नव्हती. रागही नव्हता. एखादे काम करावे तसे.

आतून ठोकणे सुरू झाले. उघड्या तळव्याचे. घाईघाईचे, कसेही. भूषणचे.

मेघा जिन्यावरून धावत आली. तिने एकदा पाहिले. ओरडली नाही. स्वयंपाकघरात गेली आणि खलातला बत्ता घेऊन आली. तिने तो सासऱ्याच्या पाठीत घातला. नाना उठले, अभिमनला सोडून पुन्हा दाराशी गेले, आणि दोन्ही हातांनी मधला दांडा धरून उभे राहिले.

“सोडा,” मेघा म्हणाली.

त्यांनी सोडला नाही.

तिने बत्ता त्यांच्या बोटांवर मारला. उजव्या हाताची बोटे दांड्यावरच चेचली गेली. रक्त उंबऱ्यावर उतरले. त्यांनी सोडला नाही. तिने डाव्या हातावर मारला. पुन्हा मारला. हीच सून रोज त्यांना गोळ्या काढून द्यायची, पायाला तेल लावायची. ती रडत होती, आणि मारत होती. मोडलेल्या बोटांनी नाना दांडा धरून उभे होते, आणि म्हणत होते, “मांगे पानी शे… पोरी, मांगे पानी शे…”

आतले ठोकणे मंद झाले.

एक थाप. … एक थाप. …

मग ती थांबली.

मेघाच्या हातून बत्ता गळाला. अभिमन म्हणतो, घरात इतकी शांतता झाली की इन्व्हर्टरची घरघर ऐकू यायला लागली.

टक्.

तळव्याचे नव्हते. लोखंडाचे. भूषणजवळ लोखंड काहीच नव्हते.

टक्. … टक्.

नानांचा चेहरा बदलला. त्यांनी कान दाराला लावला. डोळे मिटले. ओठ किंचित उघडे. अभिमनने असे ऐकणे त्याआधी कधी पाहिले नव्हते. जणू त्या माणसात कानाखेरीज काही उरलेच नव्हते.

“काय ऐकता?” मेघाने विचारले.

बोट वर. थांब.

ती थांबली. नवरा आत मरत होता आणि ती थांबली.

“चार,” नाना म्हणाले.

“चौथा तुमचा भूषण आहे, नाना.”

नानांनी डोळे उघडले. पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिले. मुलाचे नाव त्यांच्यापर्यंत कुठून तरी फार लांबून आले असावे.

“मना भूषण…”

“हो. उघडा.”

“आनि त्या तिन्ही?”

मी मेघाला नंतर एकदाच भेटलो. हे मी तिच्या तोंडूनही पडताळून घेतले आहे. ती म्हणाली, उत्तर मी शोधले नाही, ते आलेच.

“त्यांनाही उघडा,” ती म्हणाली.

नानांनी मोडलेल्या बोटांनी पहिला दांडा वर केला. मनगटाने दुसरा. अभिमनने उजव्या हाताने तिसरा, मेघाने चौथा. आतून ठोके आता येत नव्हते. सातवा. आठवा.

दार बाहेर फेकले गेले. कापूस कमरेएवढा हॉलमध्ये आला. मागे काळोख. नाना त्यात शिरले. उंबरा ओलांडताना ते काहीतरी म्हणाले. अभिमनला वाटते ती नावे होती. छातीपर्यंत… गळ्यापर्यंत…

मग भूषण बाहेर आला.

आला म्हणजे चालत नाही. पाय आधी, उताणा, फरशीवर घसरत. आतून कोणी जोर लावून ढकलावे तसा. अभिमन हेच शब्द वापरतो आणि त्यांत बदल करायला तयार होत नाही. भूषणचा चेहरा निळा. तोंड कापसाने गच्च. मेघाने बोटे घालून बोळेच्या बोळे बाहेर काढले. त्याने दातांनी तिची बोटे चावली, आणि श्वास घेतला.

त्याच क्षणी दार लागले.

बाहेर कोणी त्याला हात लावलेला नव्हता.

दांडे फिरू लागले. आतून. एक. … दुसरा. … सगळे. …

“नाना,” अभिमनने हाक मारली.



त्याने दारावर ठोकले. थांबला. पुन्हा ठोकले.

… उत्तर नाही.

दांडे बाहेरून हलेनात. नळी घातली, ती वाकली. गावातून माणसे यायला अर्धा तास गेला. आखाजीच्या रात्री गाव पत्त्यांत रमलेले असते. त्यांनी बाहेरून झरोका फोडला, तर आत कापूस झरोक्यापर्यंत दाटलेला. पहाटे नरडाण्याहून गॅस-कटरवाला आला. कापसाशेजारी ज्योत लावायला तो धजेना. भिंतीवर, चौकटीवर पाणी मारले, मग त्याने बिजागऱ्या कापल्या. तोवर मेघा भूषणला घेऊन धुळ्याला इस्पितळात पोहोचली होती. त्याच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या, काही नखे उपटली होती. तो जगला. कापसाखाली काय झाले असे विचारले की तो एवढेच सांगतो, श्वास संपला होता आणि मग कोणीतरी वर ओढून डोके धरले. कोणी, ते विचारू नका.

नाना दारापासून दोन-तीन पावले आत, दाराकडे पाठ करून उभे होते. उभेच, कारण पडायला जागा नव्हती. पोलिसांनी पंचनाम्यात कापसाखाली गुदमरून मृत्यू असे लिहिले आणि ते खोटे म्हणता येत नाही.

कोकिळा, तू विचारशील त्याआधीच सांगतो. दांडे नानांनी आतून लावले असतील, हे शक्य आहे. मोडलेल्या बोटांनीही. भूषण आडवा झाला तेव्हा ढिगाचे वजन हलले आणि त्या वजनाने त्याला बाहेर ढकलले, हेही शक्य आहे. लोखंडी ठोके चौकट तापून-निवून आलेले असू शकतात. दार त्यांच्या जहाजाचे नव्हते, बहीण-जहाजाचे होते. ज्या जहाजाचे होते त्यावर असे काही घडल्याचे कोणी सांगत नाही. हे सारे मी अभिमनपुढे मांडले आहे. तो मान हलवतो, आणि मग सांगतो ते एवढेच.

इस्पितळात परिचारिकेने भूषणचा सदरा कापला तेव्हा त्याच्या अंगाला दोर होता. काखांखालून फिरवून छातीवर पक्का बांधलेला; गाठ अशी की ताण आला तर घट्ट बसावी, माणूस मात्र चिरडू नये. त्याचे पुढचे टोक कापलेले होते. भूषणला गाडीत घालताना दारात चिमटलेला दोर कोणीतरी विळ्याने तोडला होता आणि त्या धांदलीत तो कशाचा म्हणून कोणी पाहिले नव्हते. दोर कापसाचा. नुकताच वळलेला. तीन पेडांचा, सारखा पीळ, एकही सरकी नाही. त्या घरात चरखा नाही, टकळीही नाही.

दार कापून बाजूला केल्यावर उरलेला दोर आत जाताना दिसला. अभिमनचा डावा हात टॉवेलने गळ्यात बांधलेला. त्याने उजव्या हाताने दोर धरला आणि कापूस उपसणाऱ्यांच्या मागोमाग चालत राहिला. दोर नानांच्या डाव्या हातापाशी संपला.

टोकाला चार फास होते. मनगट जाईल एवढे.

एकात नानांचे मनगट. चेचलेली बोटे दोरावर घट्ट मिटलेली… ओढताना मिटतात तशी.

बाकीचे तीन रिकामे होते.

पण सैल पडलेले नव्हते.